शब्द दादाचा, पाय माझे

नगर, १२ मार्च १९७२

दादा,

पुण्याच्या लष्करी इस्पितळात वॉर्डाच्या दारावरच्या माणसाला तू सांगितलंस, "ही बाई पुन्हा आली तर आत सोडू नका." ही बाई. मी तेव्हा दारातच चपला घालत होते. मला आत सोडायचं नाही असं तुला सांगता येतं, पोस्टमनला कसं अडवशील? म्हणून लिहिते आहे.

मी त्या दिवशी रडले नाही याचा तुला राग आला असेल तर सांगते, एसटीत बसल्यावर शिरूरपर्यंत रडले. तुझ्यासमोर रडायचं नाही असं आईने बजावून पाठवलं होतं.

तू जे बोललास ते मला सगळं पाठ आहे. लढाईत पाठीच्या कण्यात छर्रा घुसून तू पडलास. वर तोफगोळे पडत असताना तुझ्या पलटणीतल्या छगनने तुला खांद्यावर टाकून नाल्यातून मागे आणलं. तू त्याचा हात धरून म्हणालास, "वाचलो-मेलो तरी माझी बहीण तुला दिली." हे सांगताना तुझा चेहरा, तिकडून आल्यापासून पहिल्यांदाच, आपल्या घरातल्यासारखा दिसला. मला वाटलं, आज ऐकून घ्यावं, पुढे कधीतरी बोलू. पण तू लगेच म्हणालास, "वैशाखात उरकून टाकू. नोकरी सोड. मी असा पडलेला, आईआबांकडं कोण बघणार?"

मी म्हणाले, "दादा, मला मे महिन्यात कॅम्प आहे."

आणि तू भिंतीकडे तोंड फिरवून म्हणालास, "पाय आहेत तोवर नाच."

दादा, मला मिरजगावातून काढून नगरच्या बोर्डिंगात तूच घातलंस. आबा म्हणत होते, आधीच पोरगी ताडासारखी, त्यात शिकली तर नवरा कुठून आणायचा. तू म्हणालास, "तालमीतली पोरं तिच्यापेक्षा ठेंगणी हायेत, त्यात तिचा काय गुन्हा?" बोर्डिंगातल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला बास्केटबॉलच्या रिंगखाली उभं केलं. ज्या उंचीपायी मी घरात वाकून चालायचे, त्याच उंचीचं तिथे कौतुक झालं. पुढे त्याच खेळावर रेल्वेने नोकरी दिली. सकाळी नगर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बसते, दुपारनंतर मैदानावर. संघातली जागा टिकली तर यंदा डिसेंबरनंतर कायम होईन. हा माझा नाच आहे. बाई माणसाने खेळून पोट भरावं, असं आपल्या पंचक्रोशीत कुणी केलेलं नाही. मी करते आहे.

छगन चांगलाच असणार. तुला ज्याने उचलून आणलं तो वाईट कसा असेल? त्याच्यासाठी मी उपास करीन, त्याच्या आईचे पाय धरीन. पण तुझ्या जिवाच्या बदल्यात मला देऊन टाकता येणार नाही. शब्द तू दिलास, तो तुझा. पाय माझे आहेत.

हे वाचून पत्र फाडशील. तरी पुढचं लिहिणार आहे.

चांगुणा


नगर, २८ मे १९७२

दादा,

तुझं उत्तर नाही. पण माझं पत्र परतही आलं नाही, त्यामुळे लिहिते.

कॅम्प झाला. मुंबईत तीन आठवडे सिमेंटच्या मैदानावर खेळलो. आमचे सुमंत सर पहाटे शिट्टी वाजवतात आणि पाणी प्यायला जाताना देखील पळत जायला लावतात. मला त्यांनी सेंटरला कायम केलं आहे. सेंटर म्हणजे रिंगखाली उभी राहणारी. मारलेला बॉल आत गेला नाही की तो परत येताना हिसकायचा, हे तिचं मुख्य काम. धक्के खायची जागा आहे. आमची कॅप्टन प्रेमला म्हणते, "तू तिथे उभी राहिलीस की आमच्या मागे भिंत आहे असं वाटतं." प्रेमला नगरचीच, सावेडीला राहते. तिचे वडील हेडमास्तर आहेत आणि तिला स्कूटरवरून मैदानावर सोडतात. तिच्या घरी मी दोनदा जेवले.

आता जे लिहायचं ते लिहिते. छगन आला होता.

मी पार्सल ऑफिसात कांद्याच्या पिशव्यांवर शिक्के मारून घेत होते. खिडकीत एक माणूस येऊन उभा राहिला. खाकी पॅन्ट, वर साधा सदरा, हातात टोपी.

"तुमी सहादूची भन नव्हं?"

मी हो म्हणाले. तो टोपी फिरवत उभाच राहिला. मागे रांग लागली. शेवटी मी त्याला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि सुट्टी झाल्यावर चहा आणला. चहा पूर्ण संपल्यावर तो बोलला.

"मी त्येला उचलला त्यो पोरगी मिळावी म्हनून न्हाई. तिथं कुनीबी उचलला असता. त्यानं शब्द दिला तवा त्यो मरनारच अशी माजी खात्री हुती. मरत्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं? मी व्हय म्हनलो. आता त्यो जगला, अन् मी अडाकलो."

मला हसू आलं, दादा. खूप दिवसांनी आलं. तोही हसला.

मी विचारलं, "मग हे दादाला का सांगत नाही?"

"कसं सांगू? मी मागं सरलो तर त्येला वाटंल, ह्यो असा पडलाय म्हनून सोयरीक मोडली. त्येला आदीच लई लागलंय. जेवत न्हाई, बोलत न्हाई. नर्सबाई खुर्चीत बसवायला आल्या की डोळं मिटून घेतू."

जाताना त्याने विनवलं की हे तुला कळवू नये. मी त्याला तसा शब्द दिला नाही. आपल्या घरात शब्द पुष्कळ देऊन झाले आहेत. म्हणून कळवते. तो तुला सोडून चाललेला नाही. त्याला फक्त तुझी बहीण बक्षीस म्हणून नको आहे.

संध्याकाळी तो मैदानाच्या कडेला उभा राहून आमचा सराव बघत होता. निघताना म्हणाला, "लई उंच उडता." एवढंच.

चांगुणा


नगर, १७ सप्टेंबर १९७२

दादा,

रविवारी मिरजगावला जाऊन आले. पाऊस नाहीच. आबांनी बैल गुरांच्या छावणीत नेऊन बांधले आहेत आणि स्वतःही तिथेच झोपतात. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाते. हाताला फडकं गुंडाळून हातोडी धरते. मी म्हणाले, "मी देते तेवढ्यात भागत नाही का, कशाला जातेस?" तर म्हणाली, "समदा गाव जातोय. मी एकली घरात बसून काय करू? घरात बसलं की सहादू दिसतू."

मग विचारलं, "तू लिवतीस त्ये त्यो वाचतू का गं?"

मी म्हणाले, वाचतो. आईशी बोलताना मी खात्रीने बोलले. खात्री मला नाही.

आपल्या आळीत मी गेले की बाया पदराआड बोलतात. लंकाबाई तर रस्त्याच्या कामावर आईसमोरच म्हणाली, "भाऊ तिकडं पडलाय आन् ही चड्डी घालून उड्या मारतीया." आई खडीच्या ढिगावरून उठली आणि म्हणाली, "तिच्या उड्यांवर तिचं पोट हाय. तुज्या घरी मागाया आली का?" मला वाटत होतं आई तुझ्या बाजूची आहे. बहुतेक ती दोघांच्याही बाजूची आहे आणि त्यामुळेच तिला झोप लागत नाही.

इकडे सराव जोरात आहे. डिसेंबरात पुण्याला रेल्वेच्या सगळ्या संघांची स्पर्धा आहे. त्याच स्पर्धेवर माझं कायम होणं ठरेल. मैदान तुझ्या इस्पितळापासून लांब नाही असं प्रेमला म्हणते.

नगरचं मैदान मुरमाचं आहे. परवा बॉल घेऊन खाली येताना पाय घसरला, उजव्या गुडघ्यावर पडले. थोडी सूज आहे. हळद लावते. काळजी करण्यासारखं काही नाही.

तू खुर्चीत बसतोस का? एवढं तरी कुणाकडून कळव.

चांगुणा


नगर, ३ डिसेंबर १९७२

दादा,

हे फक्त तुला सांगते आहे, कारण तू कुणाशीच बोलत नाहीस.

गुडघ्याची सूज कधी गेलीच नाही. गुडघा मधेच अडकतो. जिन्यावर, अंघोळीला बसल्यावर, एकदा तर पार्सल ऑफिसात वाकले आणि पाय सरळ होईना. खुर्चीला धरून उभी राहिले आणि पावत्या शोधत असल्याचं नाटक केलं. मैदानावर दोन पट्टे बांधून वर लांब मोजे घालते. सुमंत सरांना वाटतं मला थंडी वाजते.

काल एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाय धरून वाकवला, फिरवला, तशी मी टेबलाची कड धरली. म्हणाले, आतली कूर्चा फाटली आहे. उडी बंद, पळणं बंद. ऑपरेशन करावं लागेल आणि त्यानंतरही खेळता येईलच असं सांगता येत नाही. मी विचारलं, स्पर्धेपुरतं इंजेक्शन देता येईल का? त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "दुखणं हा गुडघ्याचा आवाज आहे. तो बंद केला तर तो मोडताना तुला कळणारही नाही." मी म्हणाले, मला कळायला नकोच आहे. ते नाही म्हणाले. शेवटी त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि कागदावर 'खेळू नये' असंही लिहिलं. गोळ्या घेतल्या.

बाहेर पडताना प्रेमला दिसली. ती वडिलांची स्कूटर घेऊन वाट बघत उभी होती. माझ्या मागे मागे आली होती.

"सरांना सांग, नाहीतर मी सांगते," ती म्हणाली.

"तू सांगितलंस तर मी संघाबाहेर. संघाबाहेर म्हणजे नोकरी गेली."

"आणि पाय गेला म्हणजे?"

"तुझं बरं आहे, प्रेमला. तुझ्या घरी हेडमास्तर आहेत. माझ्या घरी खडी आहे."

तिने स्कूटर सुरू केली. मला मागे बसवून खोलीवर सोडलं. ती सरांना सांगणार की नाही, मला माहीत नाही. रोज मैदानावर जाताना आधी सरांच्या तोंडाकडे बघते.

तू म्हणशील, एवढं कशासाठी? दादा, रिंगखाली उडी मारल्यावर वर क्षणभर थांबायला होतं. त्या क्षणात कुणी मला उंच म्हणत नाही, थोराड म्हणत नाही, कुणाची बहीण, कुणाची होणारी बायको म्हणत नाही. बॉल येतो आणि तो माझा असतो. तुला तालमीत समोरच्याची पाठ लागल्यावर जसं व्हायचं तसं असेल.

हे लिहायला नको होतं. तुला लागेल. पण आता खोडत नाही.

चांगुणा


पुणे, १९ डिसेंबर १९७२

दादा,

उताणी पडून लिहिते आहे म्हणून अक्षर असं. डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या आहेत आणि आम्ही जिथे उतरलो आहोत तिथल्या खोलीत एकटीच आहे.

प्रेमलाने सरांना सांगितलं नाही. तिने माझ्यासाठी वेगळाच बेत केला. पहिल्या सामन्यांत ती मला थोडा वेळ खेळवून बाहेर बोलवायची, "चांगुणाला दम घेऊ दे" म्हणायची. असे आम्ही अंतिम सामन्यापर्यंत आलो. कालचा सामना दक्षिणेकडच्या संघाशी होता. त्यांची सेंटर माझ्याइतकीच उंच, माझ्यापेक्षा रुंद, आणि हसरी. सुरुवातीलाच तिने मला कोपर मारलं आणि 'सॉरी सिस्टर' म्हणाली. पुन्हा मारलं, पुन्हा सॉरी.

पूर्वार्धात आम्ही मागे होतो. सर म्हणाले, "चांगुणा, रिंगखालून तू हलायचं नाही. आता तुला बाहेर काढणार नाही." प्रेमलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. गोळ्या खाल्लेल्या होत्या.

त्यानंतर जे झालं तसं मी कधी खेळले नव्हते. रिंगवरून परत येणारा प्रत्येक बॉल जणू माझ्याच हातात यायचा होता. त्या हसऱ्या पोरीचं हसू थांबलं. लोक उभे राहिले होते. कुणीतरी "ए नगर, ए नगर" असं ओरडत होतं. आम्ही गाठत आलो, बरोबरी झाली, शेवटची काही मिनिटं उरली. त्यांनी बॉल मारला, तो रिंगच्या कडेवर आपटून वर उडाला. मी आणि ती, दोघी वर गेलो. बॉल माझ्या हातात आला. मी खाली यायच्या आधीच प्रेमलाकडे फेकला, ती पलीकडे मोकळी पळत होती.

आणि मी उतरले. उतरताना पायाखाली तिचा बूट आला.

आवाज मला ऐकू आला. दुखलं नाही, डॉक्टर म्हणाले होते तसंच. मी उठायला गेले तर गुडघ्याखालचा पाय भलत्याच दिशेला होता.

मला चादरीवर घालून बाहेर नेलं. बाहेरच्या खोलीत छताकडे बघत पडले होते. आत शिट्ट्या वाजत होत्या, लोक ओरडत होते. मग सर आले. माझे मोजे काढले, ते दोन पट्टे बघितले, एकेक करून सोडले. मी वाट बघत होते ते ओरडतील म्हणून. ते म्हणाले, "मला सांगायला हवं होतंस. मी तुझा शत्रू होतो का?" आणि बाहेर गेले.

दादा, तुझं इस्पितळ इथून खरंच जवळ आहे. खिडकीतून त्याची झाडं दिसतात असं झाडूवाली म्हणाली. मला खिडकीपर्यंत जाता येत नाही.

तू म्हणाला होतास, पाय आहेत तोवर नाच. नाचले.

चांगुणा


नगर, ४ मार्च १९७३

दादा,

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, प्लॅस्टर निघालं. पाय पूर्ण वाकत नाही आणि वाकणारही नाही. संघातून नाव गेलं. नोकरी मात्र गेली नाही. पार्सल ऑफिसात मला ठेवलं आहे, साधी कारकून म्हणून, पूर्ण दिवस. सरांनी माझ्यासाठी दोनदा वर जाऊन शब्द टाकला असं नंतर कळलं. माझ्याशी ते अजून मोजकंच बोलतात.

हे पत्र तुला चिडून लिहायचं ठरवलं होतं. मजकूरही ठरला होता. आता मला कॅम्प नाही, वैशाख मोकळा आहे, संघात नावही उरलेलं नाही, तेव्हा छगनला बोलाव आणि उरकून टाक, असं. ते वाक्य लिहून बघितलं. आणि माझ्याच लक्षात आलं की खेळ गेला तरी माझं उत्तर नाहीच आहे. वर्षभर मला वाटत होतं की मी खेळासाठी नाही म्हणते. तसं नव्हतं. मी नाही म्हणत होते, कारण तू मला विचारलं नव्हतंस. विचारलं असतंस तर काय म्हणाले असते, देव जाणे.

म्हणजे रागाचं पत्र लिहायचं राहूनच गेलं. तेवढ्यात काल छगन आला.

मी कुबडी घेऊन खिडकीपाशी आले. त्याने कुबडीकडे पाहिलं, पण त्याबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, "मला वॉर्डातल्या लोकांनी पाठिवलंय. जितलं कोन?"

मला कळेना.

"सामना! तुमी पुन्याच्या पत्रात समदं लिवलं. बॉल त्या कॅप्टनबाईकडं फेकला, पाय मोडला, पट्टं सोडलं. आन् जितलं कोन त्येच न्हाई लिवलं. अडीच महिनं झालं, तितं मारामारी हुयाची येळ आलीय. एक सरदारजी म्हनतू हरलं असनार, म्हनूनच लिवलं न्हाई. सहादू म्हनतू, माजी भन हरली असती तर आदी त्येच लिवलं असतं."

दादा, मी खिडकीचे गज धरले.

मी त्याला विचारलं, "पत्रं दादाने वाचून दाखवली?"

"पयली न्हाई. उशीखाली ठिवायचा. मग तुमी गुडग्याचं लिवलं ना, त्या रात्री त्यानं शेजारच्याला विचारलं, कूर्चा म्हंजी काय रं? तितनं सुरू झालं. हिंदीत सांगतू समद्यास्नी. वर्साभरात इतका बोलला न्हवता." मग तो जरा खाली बघत म्हणाला, "आन् मी बी बोललो त्येच्याशी. सोयरिकीचं. म्हनलं, सहादू, तू माजा मैतर हायेस, तेवडं पुरं हाय. त्यानं माजा हात धरला. मग म्हनला, मी तिला इचारलंच न्हाई रं."

तो तुझी बाजू सांगत होता तेव्हा खिडकीत रांग लागली होती. कुणी घाई केली नाही. सगळे ऐकत होते.

वॉर्डाला सांग, आम्ही जिंकलो. मी फेकलेला बॉल प्रेमलाने एकाच टप्प्यात घेतला आणि आत टाकला. मला ते दिसलं नाही. बाहेरच्या खोलीत होते तेव्हा मैदानावरची झाडूवाली आत डोकावून आली आणि म्हणाली, "बाई, तुमचं झालं वाटतं." ते पत्रात लिहिलं नाही, कारण त्या दिवशी मला त्याचा आनंद होत नव्हता. आज छगनला सांगताना झाला.

सरदारजींना माझा नमस्कार.

चांगुणा


नगर, २४ जून १९७३

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या दिवसांनी तुझं अक्षर बघून मला वाटलं होतं की पहिल्या ओळीत माझी खुशाली असेल. पहिली ओळ अशी: 'बसून मारताना बॉल रिंगपर्यंत पोचत नाही, काय करावं?' पार्सल ऑफिसात मी इतक्या जोरात हसले की साहेब बाहेर आले. त्यांना कार्ड दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि आत गेले.

इस्पितळाच्या अंगणात रिंग लावली आणि चाकाच्या खुर्च्यांवरून खेळता, हे छगनने सांगितलं होतं. तू खुर्चीत बसत नव्हतास हेही त्यानेच सांगितलं होतं, त्यामुळे मी विश्वास ठेवला नव्हता. आता ठेवते.

त्याच्या लग्नाला मी येणार आहे. त्याची होणारी बायको राशीनची आहे आणि त्याच्या खांद्याला लागते, असं त्याने मुद्दाम कळवलं आहे. तुलाही डॉक्टर सोडणार असतील तर आबा बैलगाडी घेऊन कर्जतच्या स्टँडवर येतील. बैल छावणीतून परत आले आहेत. जरा वाळले आहेत, पण चालतात.

आता तुझा प्रश्न. संध्याकाळी बोर्डिंगातल्या पोरींना मी शिकवते. सरांनी सांगितलं म्हणून सुरू केलं आणि आता सोडवत नाही. काल मी स्वतः मैदानाच्या मधोमध खुर्ची मांडून बसले आणि बसून बॉल मारून पाहिला. पोरींना वाटलं मी थकले. पहिला बॉल रिंगच्या खालूनच गेला, तेव्हा तुला काय होत असेल ते कळलं. उभ्या माणसाचा बॉल पायांतून सुटतो. हात फक्त वाट दाखवतात. तुला ती सगळी ताकद खांद्यातून काढायची आहे, आणि तुझे खांदे तालमीतले आहेत, म्हणजे ताकदीची अडचण नाही. अडचण तोलाची आहे. जोर लावताना कंबर मागे सरकते आणि अर्धा जोर खुर्चीच्या पाठीत जातो. म्हणून आधी कंबर पट्ट्याने खुर्चीला घट्ट बांधून घे. लाज वाटून घेऊ नकोस, मी दोन पट्टे बांधून खेळले आहे.

खुर्ची रिंगसमोर सरळ ठेवू नकोस. थोडी तिरपी ठेव, उजवा खांदा पुढे येईल अशी. डाव्या हाताने चाक धरून ठेव. बॉल छातीपासून ढकलू नकोस, सगळे नवे तेच करतात. तो कपाळापर्यंत वर ने, कोपर रिंगकडे ठेव आणि मग सोड. नेम थेट रिंगचा धरू नकोस. रिंगमागच्या बोर्डावर मार, तिथून तो आत पडेल. सुरुवात अगदी जवळून कर. जवळून बॉल आत जायला लागला की खुर्ची एक हात मागे घे. लांबून जोर लावून रोज हात दुखवून घेण्यात काही नाही. सरदारजींनाही सांग, त्यांचं बॉल आपटत नेणं चांगलं असेल तर त्यांना पुढे ठेवा आणि तू रिंगखाली राहा. तुझा हात सगळ्यांत लांब असणार, आपल्या घरात तसे आहेत.

शेवटचं एक. बॉल सुटला की घाईने हात खाली घेऊ नकोस. तो आत पडेपर्यंत हात तसाच वर राहू दे.

तुझी,
चांगुणा